निवड न झालेल्या मुलीचा सत्कार

बदलापूर गावात एखादी गोष्ट खरी कधी मानायची, याचा नियम साधा आहे. तिचा फ्लेक्स लागला की ती खरी. बारसं, बारावी, वाढदिवस, नवा डंपर, कुणाचं हर्नियाचं ऑपरेशन सुखरूप पार पडणं, सगळ्याचा फ्लेक्स लागतो. तोवर ती नुसती आवई. त्यामुळे शंकरराव केण्यांची शलाका शिकायला लंडनला निघाली हे गावाला कळलं, तेव्हा ते शंभर टक्के खरं होतं. फक्त शलाकाला ते माहीत नव्हतं.

शलाकाचं वय सव्वीस. वडील शंकरराव अंबरनाथ एमआयडीसीत केमिकलच्या कंपनीत पाळ्या करून निवृत्त झाले. मशीनच्या आवाजात बोलायची सवय सुटली ती सुटलीच. त्यांच्या वाटणीचं बोलणं मग धाकट्या भावानं, आनंदाकाकांनी, अंगावर घेतलं आणि ते व्याजासकट पुरं केलं. काकांचा धंदा जेसीबी आणि डंपरचा. केण्यांची भातशेती बिल्डरनं घेतली, त्यातून काकांनी पहिला जेसीबी घेतला, आणि त्या जेसीबीला पहिलं काम कुठलं मिळालं असेल? आपलंच शेत खणायचं. काका स्वतः चालवायला बसले होते. बांधावर शलाकाची आई, वेणूबाई, उभी होती. ती म्हणाली, "भावजी, कडंकडंनी घ्या, मधी चिखल हाय," जसं काही नांगर धरलाय.

यावर शलाकानं गोष्ट लिहिली होती. इंग्रजीत. इंग्रजीतच का, हे विचारून विचारून नातेवाईक दमले होते. कारण अगदी घरगुती होतं. घरात इंग्रजी कुणाला धड वाचता येत नव्हतं, त्यामुळे लिहिलेले कागद उघडे टाकले तरी चालायचे. मराठीत लिहिलं असतं तर संध्याकाळच्या आत आत्याचा फोन आला असता, की माझ्या नाकाबद्दल असं का लिहिलंस.

तर ही शलाका इंग्रजी घेऊन एम.ए. झाली आणि उल्हासनगरला, कॅम्प एकमध्ये, किर्ती लखवानी मॅडमच्या क्लासमध्ये स्पोकन इंग्लिश शिकवू लागली. खाली कापडाचं दुकान, वर क्लास. पोरं दुकानदारांची. त्यांना इंग्रजी हवं होतं ते गिऱ्हाइकाला 'फिक्स्ड रेट' ऐटीत सांगण्यापुरतं. शलाका त्यांना गोष्टी सांगायची आणि ती पोरं विचारायची, "मॅडम, इसमें व्याकरण कहाँ है?"

तिला मात्र हवं होतं ते इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका विद्यापीठात. इंग्रजी साहित्य आणि सर्जनशील लेखन, एक वर्षाची पदवी. वर्षभर लिहायचं, एकमेकांचं वाचायचं, आणि आठवड्यातून एकदा सगळ्यांनी बसून त्यावर बोलायचं. तिला जिवाचं वाटलं ते हेच. आपलं लिहिलेलं कुणीतरी वाचेल आणि नाकाबद्दल न बोलता लिखाणाबद्दल बोलेल. आजवर असा एकच माणूस तिला भेटला होता, आणि तो निवृत्त झाला होता.

शेजारच्या रखमाबाईंना तिनं हे समजावून सांगितलं, तेव्हा रखमाबाई मनापासून हळहळल्या.

"लिवायला शिकायला येवढी लांब? मंग शालेत इतकी वर्सं क केलास गो बाय?"

पैशाचा प्रश्न नव्हता बरं का. काकांनी आधीच सांगून टाकलं होतं, "एक फ्लॅट इकू. पोरगी शिकली तं पायजे." आता इतका दिलदार काका असल्यावर अडचण कुठं येणार, असं तुम्ही म्हणाल. अडचण नेमकी तिथंच आली.

अर्जाला दोन शिफारसपत्रं लागत होती. एक किर्ती मॅडमचं. ते त्यांनी गिऱ्हाइकाला बिल फाडून द्यावं तसं चहा थंड व्हायच्या आत पाठवून दिलं. दुसरं पाहिजे होतं कॉलेजातल्या प्राध्यापकाचं, आणि त्याशिवाय अर्ज पुढं सरकणार नव्हता. मघाशी ज्याला तो एकच माणूस म्हटलं ते हेच, प्रमोद टिपणीस सर. उल्हासनगरातल्या एका कॉलेजात जन्मभर इंग्रजी शिकवून आता अंबरनाथ पूर्वेला, दुसऱ्या मजल्यावर, गुडघ्याला तेल लावत बसलेले.

आता आपल्याकडे शिफारसपत्राची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. "तूच लिहून आण, मी सही करतो." टिपणीस सर त्यातले नव्हते. सर म्हणाले, "शलाका, सही करणारे पुष्कळ मिळतील. मी लिहीन. आणि लिहायला मला वेळ लागतो."

विद्यापीठानं सरांच्या मेलवर एक दुवा पाठवायचा, सरांनी तो उघडून पत्र टाकायचं, आणि जानेवारी संपायच्या दिवशी तिकडच्या दुपारी बाराला, म्हणजे आपल्या संध्याकाळी साडेपाचला, दार बंद. एवढाच मामला.

डिसेंबरात शलाकानं आपल्या वाटचा अर्ज पाठवला. पाठवला कुठून, तर काकांच्या ऑफिसातून, कारण तिथं इंटरनेट पळायचं आणि स्कॅनर होता. बटण दाबलं. लगेच पोचपावतीचा मेल आला. वर विद्यापीठाचं सिंह असलेलं चिन्ह, आणि खाली, अभिनंदन, तुमचा अर्ज यशस्वीपणे दाखल झाला आहे, उरलेलं पत्र आलं की आम्ही त्याचा विचार करू.

"छाप," काका म्हणाले.

"काका, कशाला? मेलमध्ये आहे ना."

"कागुद नसला की काम झाला असा मानाचा नाय. दोन काढ. एक माझे फायलीला."

तिनं दोन काढल्या. काकांची इंग्रजी वाचायची पद्धत आयुष्यानं घडवलेली होती. ते कुठल्याही सरकारी पत्राचा पहिला शब्द वाचायचे. नोटीस असेल तर वकील, रिमाइंडर असेल तर सीए, आणि दुसरं काही असेल तर फाइल. या पद्धतीनं त्यांचा धंदा वीस वर्षं बिनचूक चालला होता. या कागदाचा पहिला शब्द त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच अभिनंदनाचा निघाला. वर सिंह. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. कागद घेऊन ते उठले ते सरळ फ्लेक्सवाल्याकडे.

तिसऱ्या दिवशी शलाका क्लासला निघाली तर वेशीपाशी तिची तीच, तीन माणसांएवढी, उभी. फोटो मावसबहिणीच्या हळदीतला, पिवळ्या साडीतला. शेजारची मावशी कापून टाकली होती, पण मावशीचा हात खांद्यावर तसाच राहिला होता. वर अक्षरं : 'आमच्या गावची कन्या कु. शलाका शंकर केणे हिची लंडन येथील विद्यापीठात उच्च शिक्षणासाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' खाली शुभेच्छुकांच्या मुंडक्यांची ओळ. मधलं सगळ्यात मोठं मुंडकं काकांचं, काळा चष्मा, कानाला फोन. कडेला डंपरचे दोन ड्रायव्हर, क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष, आणि जागा उरली म्हणून फ्लेक्सवाला स्वतः.

शलाका तशीच मागे फिरून ऑफिसात आली.

"काका, अहो निवड नाही झालेली! नुसता अर्ज पोचलाय!"

"त्याच्यान लिवलाय ना कॉंग्रॅच्युलेशन?"

"ते सगळ्यांनाच लिहितात काका. मशीन लिहितं."

काका हसले. "मना येक सांग. नगरपालिकेनी आजपरतुर कधी लिवला, अभिनंदन, तुमचा अर्ज आमाला भेटला? नाय ना? मंग? बाय, ज्याला नाय द्याचा त्यो अभिनंदन करत नाय."

या युक्तिवादाला तोड नव्हती. तिनं रडकुंडीला येऊन म्हटलं, "निदान उतरवा तरी."

आता काका गंभीर झाले. लागलेला फ्लेक्स उतरवणं ही काय चीज आहे हे तिला कळत नव्हतं. फ्लेक्स दुसऱ्याचा वाढदिवस आला की त्याच्याखाली झाकला जातो, वाऱ्यानं फाटतो, गाय खाते. पण घरच्याच माणसानं उतरवला तर? लोक म्हणणार, पोरीचं काहीतरी भानगडीचं निघालं. "उतरवला तं तुझेच इज्जतीचा पंचनामा व्हईल. ऱ्हाऊ दे. आन येकच थोडी हाय? पाच हायेत. कात्रपला, स्टेशनला, आन अंबरनाथ पूर्वेला पन येक लावलाय, तुझे काकूचे माहेरच्यांना दिसाला नको?"

घरी वेणूबाईंनी पोळी लाटता लाटता तेवढं विचारलं, "खरा झालाय का गो?"

"नाही आई."

"मना वाटलाच. बाजारात तुरी..." एवढं म्हणून त्यांनी पुढची म्हण गिळली, कारण जाऊबाई ओट्यापाशी आल्या होत्या आणि हातात पेढ्यांचा डबा होता.

मग सत्कार झाला. मारुतीच्या देवळासमोर मंडप, शाल, श्रीफळ, आणि माइक. शंकरराव पहिल्या रांगेत नवा शर्ट घालून बसले, बोलले काहीच नाहीत, पण टाळ्यांच्या वेळी त्यांचे हात दोन वेळा एकमेकांजवळ आले. शलाकानं ठरवलं होतं. शंभर माणसांसमोर खरं ते सांगून टाकायचं. पुन्हा अशी संधी यायची नाही. तिनं माइक घेतला.

"सगळ्यांचे आभार. पण मला खरं सांगायचंय. माझी अजून निवड झालेली नाही. मी फक्त अर्ज केलाय. निवड होईलच असंही नाही."

मग मंडळाचे अध्यक्ष उठले आणि गहिवरून म्हणाले, "बगा! याला म्हनतात संस्कार! येवढा मोठा काम झाला, तरी पोरगी म्हनते, मी काय नाय केला!" टाळ्यांनी मंडप हलला. रखमाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. आपल्याकडे माणूस खोटं बोलला तर पकडला जातो. खरं बोलला तर नम्र ठरतो.

कॅम्प एकपर्यंत बातमी पोचायला किती वेळ लागणार? किर्ती मॅडमनी दारातच मिठाईचा तुकडा तिच्या तोंडात कोंबला.

"लख लख वाधायूं! बेटा, बताया भी नहीं?"

"मॅडम, अभी कुछ हुआ नहीं है, सच्ची..."

"चुप! नजर लगती है. सुन, ये प्रीती. सोमवार से तेरी बॅच ये लेगी. इसको सब समझा दे, हाँ?"

कोपऱ्यात प्रीती नावाची मुलगी नवी कोरी पर्स मांडीवर धरून बसली होती. शलाका तिच्याशी काय भांडणार? तिनं प्रीतीला सगळं समजावून दिलं. कुठला पोरगा उत्तर येत असून गप्प बसतो, पंखा कितीवर ठेवला की मागच्या बाकापर्यंत ऐकू जातं, सगळं. संध्याकाळी ती जिना उतरली तेव्हा हातात नोकरी नव्हती आणि काजूकतलीचा डबा होता.

उरलं होतं ते सरांचं पत्र. अर्जाच्या पानावर रोज सकाळी एकच ओळ दिसायची, दुसरं पत्र प्रतीक्षेत. आता सरळ फोन करून, सर, पत्र टाकलं का, असं विचारावं की नाही? मुळीच नाही. गुरूला तगादा लावायचा नसतो. फोन करायचा, तब्येत विचारायची, आणि त्यांनी आपणहून विषय काढायची वाट बघायची. ही रीत शलाकानं कसोशीनं पाळली. सरही गुडघ्याविषयी कसोशीनं बोलले. डावा जिना चढताना, उजवा उतरताना, तेल कुठलं, शेक कधी. शेवटी शलाकाला त्या गुडघ्यावर प्रबंध लिहिता आला असता, पण पत्र मात्र कुठवर आलं ते कळेना.

डिसेंबर संपेपर्यंत सर फोन ठेवताना म्हणायचे, "लिहितोय हं. एका परिच्छेदावर अडलोय." जानेवारीत हे वाक्य बंद झालं. सर कोरडे बोलू लागले. "बरा आहे. छान. ठेवतो." एकदा तर नुसतं "अभिनंदन" म्हणाले आणि फोन बायकोकडे, नेत्राताईंकडे, दिला. शलाकाला वाटलं, अर्ज पोचल्याचं अभिनंदन असेल, आणि गुडघा फार दुखतोय.

शेवटच्या दिवशी सकाळीही तीच ओळ. प्रतीक्षेत. तिनं फोन केला, कुणी उचलला नाही. पुन्हा केला. साडेतीनला हातातला चहा टाकून ती रिक्षानं अंबरनाथला गेली.

दार नेत्राताईंनी उघडलं. "अगं बाई, लंडनकर! ये ये. सर नाहीत गं, काल चिपळूणला गेले, भाच्याचं लग्न आहे. मी नाही गेले. मला त्या एसटीनं होत नाही."

"पण फोन...?"

"तो काय, टेबलावर. लग्नात हरवतो म्हणून ठेवून गेले. आवाजही बंद करून ठेवलाय."

फोन टेबलावरच होता. त्याच्या शेजारी, पेपरवेटखाली, सरांच्या शाईच्या अक्षरातले कागद. नेत्राताईंनीच ते तिच्यापुढे सरकवले. "हे तुझंच पत्र ना? महिनाभर जिवाला घोर होता त्यांच्या. लिहायचे, खोडायचे, मला वाचून दाखवायचे. मग एक दिवस दुधाला गेले ते तुझा बोर्ड बघून आले. म्हणाले, नेत्रा, हिची निवडही झाली. माझ्या पत्राशिवाय झाली. मग आता कशाला. आणि कळवलंसुद्धा नाहीस गं त्यांना. बोर्डावर त्या ड्रायव्हरांचे फोटो, आमच्या माणसाचं नावसुद्धा नाही. बोलले नाहीत, पण दोन दिवस जेवले नाहीत धड."

शलाका खुर्चीत बसली. तिला सगळं एकदम कळलं, आणि कळून काही उपयोग नाही हेही त्याच वेळी कळलं. ती विचारायला संकोचली होती, ते बोलायला. दोघांनीही एकमेकांचा मान इतका राखला होता की मधल्या मध्ये पत्र मेलं.

"ताई, निवड नाही झालेली. तो बोर्ड काकांनी चुकून लावला. आज साडेपाचला मुदत संपतेय. या पत्राशिवाय माझा अर्ज ते वाचणारच नाहीत."

आई सोडली तर महिनाभरात तिचं बोलणं आहे तसं ऐकणाऱ्या नेत्राताई पहिल्याच. मग त्यांनी पदर खोचला. "पत्र लिहिलेलं आहे. फोन इथं आहे. तूच टाक."

"सरांना न विचारता?"

"सरांनाच विचारायचं ना? लाव चिपळूणला. पण फोन तर उघडून ठेवू आधी."

फोन अंगठ्यावर उघडायचा आणि अंगठा चिपळूणला. नाहीतर चार आकडे. नेत्राताईंनी ठामपणे लग्नाची तारीख दाबली. नाही. मुलीची जन्मतारीख. नाही. मग जरा लाजत स्वतःची. तीही नाही, तेव्हा त्यांच्या कपाळावर आठी पडली. "मग ठेवलीय तरी कुणाची?" सासूबाईंची, निवृत्तीची, सरांच्या आवडत्या इंग्रज कवीची, सगळ्या तारखा झाल्या. दर चुकीला फोन जास्त रुसत गेला. अर्धं मिनिट थांबा, पाच मिनिटं थांबा, आणि शेवटी त्यानं एक तास थांबा असं लिहून डोळे मिटले.

त्यानंतर चिपळूणचा एक नंबर लागला. पलीकडे बँजो. कुणीतरी ओरडलं, "प्रमोदभाऊजींना बोलवा, अंबरनाथहून फोन!" सर पंगतीतून उठून आले असावेत. घास तोंडात होता.

"सर, मी शलाका. सर, माझी निवड नाही झाली."

"नाकारली?" सर दचकून म्हणाले.

"नाही सर. झालेलीच नव्हती. तो फ्लेक्स..."

बँजोच्या वरच्या आवाजात तिनं ते कसंबसं सांगितलं. सर म्हणाले, "मला विचारायला हवं होतं. मी... मला वाटलं..." आणि मग एकदम मास्तरांच्या आवाजात, "फोन उघड. एक, दोन, तीन, चार."

"काय?"

"आकडे. एक दोन तीन चार."

नेत्राताईंनी कपाळाला हात लावला. "इतका शिकलेला माणूस! आणि आम्ही इकडं कवी शोधतोय!"

पण फोन उघडेना. आकडे आता बरोबर होते, पण तो ते घ्यायला तयार नव्हता. तास संपल्याशिवाय नाही. घड्याळात पाच वाजायला आले होते. सर विचारत होते, "झालं? झालं का?" शलाका म्हणत होती, "थांबायला सांगतोय सर." दुसऱ्या फोनवर मेल उघडावा तर त्याचा पासवर्ड पुण्याच्या मुलीलाच ठाऊक. सरांनी तिला लावलं, ती मीटिंगमध्ये. शलाकानं विद्यापीठाला मेल लिहिला, तिकडून तत्काळ मशीनचं उत्तर आलं, की आपला मेल मिळाला, धन्यवाद, तीन कामकाजाच्या दिवसांत उत्तर देऊ. नेत्राताईंनी फोन उलटा केला, पुसला, देवापुढे ठेवून आणला. काही करायला नव्हतं म्हणून शलाकानं पत्राची सुरुवात वाचली. सरांनी लिहिलं होतं, 'या विद्यार्थिनीबद्दल माझी एक तक्रार आहे. तिनं वर्गात कधी प्रश्न विचारला नाही. ती घरी जाऊन त्याची गोष्ट लिहीत असे.' पुढचं तिला वाचवेना. तिनं कागद पालथे घातले.

साडेपाच वाजून गेल्यावर फोन उघडला. अगदी शहाण्यासारखा, एक दोन तीन चारवर. मेल होता, दुवा होता. तिनं दाबला. मुदत संपली आहे, असं त्यानं सभ्य इंग्रजीत सांगितलं.

नेत्राताईंनी चहा केला. दोघीही तो प्यायल्या नाहीत.

बदलापूरला ती परतली ती सरळ काकांच्या ऑफिसात. काका डिझेलवाल्याशी बोलत होते. तिचा चेहरा बघून त्यांनी त्याला हातानंच घालवलं.

"काका, संपलं. सरांचं पत्र गेलं नाही. त्यांनी अंबरनाथचा फ्लेक्स बघितला, त्यांना वाटलं निवड झालीय, म्हणून पाठवलंच नाही. आता अर्ज बाद."

काकांना हे कळायला वेळ लागला. कळलं तसा त्यांनी चष्मा काढला. पण काका म्हणजे काम अडलं की फोन उचलणारा माणूस. त्यांनी मोबाइल घेतला आणि नावं सरकवू लागले. तहसील. आरटीओ. दोन नगरसेवक. मंत्रालयातला एक शिपाई. सिमेंटवाला. अंगठा वर खाली होत राहिला. मग एका ठिकाणी थांबला. "म्हात्र्यांचा पोर हाय ना तिकडं? हाटेलात?"

"तो दुबईला आहे काका."

"दुबईच्यान लांब पडल का?"

काकांचा अंगठा पुन्हा वरपासून सुरू झाला. इतकी नावं, आणि पलीकडच्या त्या एका दाराची कडी काढील असं एकही नाही. असं त्यांना आयुष्यात कधी झालं नव्हतं.

"त्यांचा नंबर दे," शेवटी ते म्हणाले. "हापिसाचा. मी बोलतो. चूक माझी हाय, मी सांगतो."

विद्यापीठाच्या पानावर नंबर होता. तिकडं अजून दुपार होती. काकांनी लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडून गोड आवाजात एक बाई बोलू लागली. काका सावरून बसले. "हॅलो म्याडम, मी आनंदा केणे, बदलापूरवरून..."

"रेकॉर्ड आहे काका. एक दाबा."

काकांनी एक दाबलं. मग तीन. मग पियानो वाजू लागला. शलाका म्हणाली, ठेवा, काही होणार नाही. काका ठेवेनात. "लायनीत नंबर लागलाय. सोडला तं जाईल." फोन दोघांच्या मधे टेबलावर ठेवून, बाहेर डंपर लागत असताना, काका आणि पुतणी इंग्लंडचा पियानो ऐकत बसले. मधूनच तो थांबायचा. काका पुढं सरकायचे. तो पुन्हा सुरू व्हायचा.

मग एकदम खरी बाई आली. मी आपली काय मदत करू शकते? काकांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि फोन घाईघाईनं शलाकाकडे ढकलला.

आता सांगा, फ्लेक्स म्हणजे काय हे त्या बाईला इंग्रजीत कसं सांगायचं? शलाकानं आधी नुसती मुदत, पत्र, आजारपण असं काहीतरी म्हणायला सुरुवात केली, आणि थांबली. मग तिनं खरं ते सांगितलं. पहिल्या शब्दावर विश्वास ठेवणारा काका. खांद्यावर उरलेला मावशीचा हात. खरं बोलली म्हणून वाजलेल्या टाळ्या. गुडघा. चिपळूणचा अंगठा. आवडत्या कवीची तारीख, आणि एक दोन तीन चार. तिला वाक्यं शोधावी लागली नाहीत, ती येत गेली. पलीकडे बाई आधी 'हं' करत होती, मग हसू दाबू लागली, मग दाबेना. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. शेजारच्या कुणाला तरी तिनं काहीतरी सांगितलं, तोही हसला. काकांना शब्द कळत नव्हते, पण हसणं कळत होतं. त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. काम होताना पलीकडचा माणूस असाच हसतो.

बाई शेवटी दम घेऊन बोलली. पुष्कळ वेळ, मऊ आवाजात बोलली. शलाका "हो," "समजलं," "आभारी आहे," असं म्हणत राहिली. मग फोन ठेवला.

"हसली ना?" काका पुढं वाकून म्हणाले. "क बोल्ली? झाला ना?"

"म्हणाली, या आठवड्यात इतकी चांगली गोष्ट ऐकली नव्हती. म्हणाली, हे लिहून काढ."

"आन अर्ज?"

"तारीख सगळ्यांना सारखी आहे म्हणाली. उशिरा आलेलं पत्र त्यांना उघडतासुद्धा येत नाही. पुढच्या वर्षी नव्यानं कर म्हणाली."

काका टेबलावरच्या बंद फोनकडे बघत राहिले.

"येवढी हसली तरी?"

"हसली तरी," शलाका म्हणाली.